पिशवी मोजली, अंडाशयाचं काय? ऑपरेशननंतरच्या आयुष्याचा हिशोब कुणाकडेच नाही

विशेष विश्लेषण | आरोग्य

कारखान्यांचा पट्टा पडला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर माणसं परत येतात. ट्रॉलीतून संसार उतरतो, बंद घरांची कुलपं निघतात. सहा महिने फडात अंगावर काढलेली दुखणीही मग बाहेर येतात. कुणाची कंबर गेलेली असते, कुणाच्या अंगावरून पांढरं जात असतं, कुणाची पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नसते. तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी होते आणि बऱ्याच जणींच्या कानावर एकच वाक्य पडतं : "पिशवी खराब झालीय, काढून टाका. नाहीतर पुढे कॅन्सर होईल."

पिशवी निघते, पाळीची कटकट संपते. "सुटले बाई एकदाची," असं ती म्हणते. पण काहींच्या बाबतीत दुसरं दुखणं तिथूनच सुरू होतं. अंगातून वाफा निघतात, रात्र रात्र झोप लागत नाही, हाडं ठणकतात, छातीत धडधडतं. वय विचारलं तर पस्तीस आणि अंग म्हणतं पंचावन्न. हे कशानं होतंय, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्या जिल्ह्यात गर्भपिशवीवर भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पिशवीसोबत अंडाशयंही काढली का, आणि काढली असतील तर त्या बाईचं पुढे काय, हा प्रश्न मागेच राहिला. आज त्याच प्रश्नावर बोलू.

आकडे काय सांगतात?

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी जून महिन्यात तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

हिशोब सोपा आहे. दर सहा बायांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे हे प्रमाण साधारण तीन आहे. आपल्याकडे ऊसतोड बायांत ते शंभराला जवळपास सतरा.

हा प्रश्न बीडपुरता नाही. राजस्थानातलं दौसा, बिहार, छत्तीसगड इथल्या अशाच ऑपरेशनांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. अनावश्यक ऑपरेशनांवर लक्ष ठेवायला देश, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर समित्या असाव्यात, असं त्या तत्त्वांत आहे.

म्हणजे यापुढे चुकीची ऑपरेशनं होऊ नयेत, याची निदान कागदावर तरी सोय झाली. पण ज्यांची आधीच झाली, त्या १३,८६१ जणी कुठं गेल्या नाहीत. त्या आपल्याच गावात आहेत. आपल्या आई, काकू, वहिनी, बहिणी आहेत. त्यांचं वय वाढतंय आणि ऑपरेशनचा परिणामही वाढतोय.

पिशवी वेगळी, अंडाशय वेगळं

बोलताना आपण सगळ्यालाच "पिशवी काढली" म्हणतो. पण पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

एक गर्भपिशवी. तिच्यात बाळ वाढतं आणि महिन्याची पाळी तिथूनच येते. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या दोन बाजूंना असलेली बदामाएवढी दोन अंडाशयं. त्यांत स्त्रीबीज तयार होतं. शिवाय इस्ट्रोजेन नावाचा हार्मोन मुख्यतः तिथंच तयार होतो. हा हार्मोन फक्त मूल होण्यापुरता नसतो. हाडं टणक ठेवणं, रक्तवाहिन्या चांगल्या ठेवणं, झोप, मन, कातडी, लघवीची जागा, या सगळ्याला त्याची मदत असते.

फक्त पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर पाळी बंद होते पण हार्मोन चालू राहतो. अंडाशयं काही वर्षं लवकर थकू शकतात, तरी शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो.

दोन्ही अंडाशयं काढली तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे पाळी आपोआप जाण्याचं वय साधारण ४६-४७ आहे. ती जाताना तीन-चार वर्षं कमी-जास्त होत जाते. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात हळूहळू खाली जातं, तसं. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं निघाली की एक-दोन दिवसांत हार्मोन एकदम खाली येतो. वय तीस असो की चाळीस, त्या दिवशी त्या बाईची रजोनिवृत्ती झाली. म्हणून तिचा त्रास आपोआप पाळी गेलेल्या बाईपेक्षा जास्त जोराचा असतो, आणि तो तिला दहा-पंधरा वर्षं आधी गाठतो.

त्रास ओळखायचा कसा?

सुरुवातीला दिसणारी लक्षणं साधारण अशी :

- मान, चेहरा, छाती एकदम तापणं, दरदरून घाम फुटणं, मग थंडी वाजणं
- रात्री घामानं जाग येणं, पुन्हा झोप न लागणं
- चिडचिड, रडू येणं, कशात मन न लागणं, विसरायला होणं
- छातीत धडधड
- सांधे, कंबर, टाचा दुखणं
- अंगाची जागा कोरडी पडणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, लघवीला जळजळ, वरचेवर लघवी लागणं

गावात यावर काय म्हटलं जातं, ते सगळ्यांना माहीत आहे. "तिला बाहेरचं लागलंय." "कामाची टाळाटाळ करते." "डोक्यावर परिणाम झालाय." काही घरांत अंगारा-धुपारा होतो, काही घरांत मारहाण. नवऱ्याला वाटतं बायको जवळ येऊ देत नाही. तिला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. खरं कारण त्या ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद पत्र्याच्या पेटीत पडलेला असतो आणि इंग्रजीत असतो.

यापेक्षा मोठं नुकसान वरून दिसत नाही. हाडं आतून पोकळ होत जातात. पन्नाशीच्या आतच साधं घसरून पडल्यावर मनगट किंवा खुबा मोडू शकतो, पाठीचे मणके दबू शकतात. हृदयाच्या आजाराचा धोकाही वाढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. ज्यांना ऑपरेशननंतर ४५ वर्षांपर्यंत इस्ट्रोजेनचं औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यात हा फरक मुख्यतः होता. अंडाशय गेलं तरी औषधानं बराच धोका टाळता येतो, हाच त्याचा अर्थ.

अर्धा कोयता आणि पोकळ हाडं

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल जोडीवर मिळते. बाई एक दिवस बसली तर खाडा धरला जातो. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी. अशा कामात पाळी म्हणजे तोटा, हे गणित बायांनी स्वतः शोधलेलं नाही, ते त्यांच्यावर लादलं गेलंय. म्हणूनच "पिशवी काढली तर खाडा पडणार नाही" हा विचार तिशीतल्या बाईलाही पटतो. ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा उचल घेतली जाते आणि ती फेडायला पुन्हा फड गाठावा लागतो.

आता याच गणितात अंडाशय धरा. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईची हाडं वेळेआधी ठिसूळ झाली तर काय होईल? पहाटे उठून तोडीला जाणारी बाई रात्रभर घामानं जागी असेल तर दिवसभर हातात कोयता कसा धरणार? जो खाडा वाचवायला ऑपरेशन केलं, तोच खाडा काही वर्षांनी कायमचा मागे लागू शकतो. फडातला अपघात म्हणून जे मोडलेलं हाड दिसतं, त्याची सुरुवात कदाचित दहा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशन टेबलावर झालेली असते.

प्रत्येक ऑपरेशन चुकीचं नसतं

इथं डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. अंडाशयाचा कॅन्सर, पीळ पडून काळं पडलेलं अंडाशय, मोठी गाठ, पू झालेला भाग, घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असून तपासणीत तसा जनुकीय दोष सापडणं, अशा वेळी अंडाशय काढणं गरजेचं असू शकतं, ते जीव वाचवणारंही ठरतं. गर्भपिशवीचंही तसंच आहे. औषधानं न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, कॅन्सर ही खरी कारणं आहेत.

पण नुसतं अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. तो बहुतेक वेळा जंतूंचा संसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. सोनोग्राफीत अंडाशयावर पाण्याची लहान गाठ दिसली, तर तरुण बायांत ती अनेकदा आपोआप जाते. "पोट उघडलंच आहे तर सगळंच काढून टाकू," हा विचार चाळिशीच्या आतल्या निरोगी अंडाशयांसाठी योग्य नाही. कॅन्सरचा खास धोका नसेल आणि पाळी गेलेली नसेल, तर अंडाशयं ठेवावीत, याच बाजूला आजचं वैद्यकशास्त्र आहे.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी काय करावं?

पहिलं, कागद काढा. डिस्चार्ज कार्डावर बी, एस, ओ अशी तीन इंग्रजी अक्षरं एकत्र दिसतात का, ते पोराला किंवा आशाताईला बघायला सांगा. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढली. फक्त टी, ए, एच लिहिलं असेल तर बहुधा पोटावर छेद घेऊन पिशवीच काढली. खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्या. कागद हरवला असेल तर रुग्णालयाकडे लेखी मागा. दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा डॉक्टरांसाठीचा २००२ सालचा नियम आहे. ऑपरेशन त्याहून जुनं असेल तर सोनोग्राफी आणि एफएसएच नावाच्या रक्ततपासणीवरून डॉक्टर अंदाज बांधू शकतात.

दुसरं, हार्मोनच्या औषधाबद्दल विचारा. चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेली असतील आणि काही अडचण नसेल, तर पाळी आपोआप जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावं, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. ते गोळी, जेल किंवा पट्टीच्या रूपात येतं. पिशवीही काढलेली असेल तर बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर सोबत दुसरा हार्मोनही घ्यावा लागतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा मोठा आजार असेल, तर हे औषध सहसा देत नाहीत. म्हणून मेडिकलवरून परस्पर घेऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांनीच लिहून द्यायला हवं.

"हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो" ही भीती बऱ्याच जणींना असते. ती मुख्यतः २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली. त्या अभ्यासातल्या बायांचं सरासरी वय ६३ होतं. पस्तीस वर्षांच्या बाईत जो हार्मोन असायलाच हवा होता, तो तिला परत देणं ही वेगळी गोष्ट आहे.

हे औषध चालत नसेल तरी घाम आणि वाफा कमी करणारी दुसरी औषधं आहेत. अंगाच्या जागेच्या कोरडेपणासाठी क्रीम असतं. लाजू नका, विचारा.

तिसरं, हाडं सांभाळा. दिवसाला साधारण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळतं. तीळ, दूध, दही, ताक, शेवग्याचा पाला हे सगळं आपल्या आवाक्यातलं. घरचं दूध सगळंच डेअरीला घालू नका, पेलाभर बाईसाठी ठेवा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर गोळी देतील. आणि मिश्री, तंबाखू सोडा. तंबाखूनं हाडंही झिजतात आणि हृदयावरही ताण येतो.

चौथं, तपासण्या चुकवू नका. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी सरकारी दवाखान्यांत रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर यांची तपासणी होते. तिथं स्वतःहून सांगा, "माझं अमुक साली ऑपरेशन झालंय, अंडाशयंही काढलीत." हाडांची घनता मोजायची गरज आहे का, तेही विचारा.

पाचवं, घरात बोला. हे घरातल्या पुरुषांनी वाचावं. तुमची बायको, आई किंवा भावजय चिडते, रडते, रात्री उठून बसते, तेव्हा तिला बाहेरचं लागलेलं नसतं. तिच्या शरीरातून एक महत्त्वाची गोष्ट एका दिवसात काढून घेतली गेली आहे. तिला दवाखान्यात घेऊन जा. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करता येतो, तो मोफत आहे.

ऑपरेशन सांगितलं असेल तर

घाई करू नका. जीव धोक्यात आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नसेल, तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तीन प्रश्न विचारा : औषधानं बरं होणार नाही का? पिशवी काढताना अंडाशयं ठेवणार का? काढणार असाल तर का, आणि पुढचं औषध कोणतं? संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी त्यात काय काय काढायचं लिहिलंय, ते वाचून घ्या.

प्रशासनाकडून काय हवं?

मोठ्या घोषणा नकोत. तीन साध्या गोष्टी होऊ शकतात.

एक, गर्भपिशवीच्या ऑपरेशनची नोंद होते तिथं "अंडाशय काढलं : एक, दोन्ही, नाही" असा एक रकाना ठेवा आणि त्याचे आकडे जिल्ह्याच्या समितीपुढे दरवेळी आणा. जे मोजलंच जात नाही, त्यावर उपायही होत नाही.

दोन, २०१९ च्या पाहणीत ज्या १३,८६१ जणी सापडल्या, त्यांच्याकडे आशाताईंमार्फत पुन्हा जा. पट्टा पडल्यावर आणि टोळ्या निघण्याआधी, असं वर्षातून दोनदा शिबिर घ्या. रक्तदाब, साखर, हाडं आणि मन, चारही बघा.

तीन, हार्मोनची, कॅल्शियमची औषधं तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कायम मिळू द्या आणि बाई कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात गेली तरी सहा महिन्यांचं औषध सोबत देण्याची सोय करा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या दर टनामागे पैसे घेण्याचं ठरलं आहे. उसासाठी ज्यांची शरीरं झिजली, त्यांच्या औषधाला त्यातला वाटा मिळावा, ही मागणी वाजवी आहे.

पुढच्या दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी पुन्हा दारात उभी राहील. त्याआधी एक काम प्रत्येक घरात होऊ शकतं. पेटीतला तो कागद बाहेर काढा आणि आशाताईंना दाखवा. तीन अक्षरं बघायची आहेत.